आई-बाबांची ग्रीन कार्डची मुलाखत : ‘तिथे कायम राहणार का?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

कुळागरवासी (डिचोली)

सर्वांना नमस्कार. माझी थोरली बहीण अमेरिकेची नागरिक असून तिने आई-बाबांच्या कायम वास्तव्यासाठी अर्ज केला होता. तो मंजूर झाला, कागदपत्रांची छाननी झाली आणि आता मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखतीची तारीख मिळाली आहे. शुल्क, अर्ज आणि उत्पन्नाचे हमीपत्र हे सारे ताईने तिकडून पार पाडले. मुलाखतीची तयारी करून घेण्याचे काम मात्र माझ्याकडे आले आहे.

कागदांविषयी एक शंका आहे. बाबांचा जन्म १९५३ सालचा, म्हणजे गोवा मुक्तीपूर्वीचा असल्यामुळे त्यांची जन्मनोंद पोर्तुगीज भाषेत आहे आणि तिच्यातील आडनावाचे लेखन पासपोर्टावरील लेखनाशी जुळत नाही. यावर उपाय असेलच, असे मी धरून चालतो. माझा खरा प्रश्न आईविषयी आहे.

आई रोज सकाळी उठून कुळागरात, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेत, जाते. कोणत्या पोफळींना पाटाचे पाणी कोणत्या दिवशी सोडायचे, हे घरात फक्त तिलाच ठाऊक आहे. ताईकडे ती आनंदाने जाईल, नातवंडांबरोबर दोन-तीन महिने राहील आणि चतुर्थीपूर्वी परत येईल, असेच ती धरून चालली आहे. अधिकाऱ्याने ‘तुम्ही तिथे कायम राहायला जात आहात का?’ असे विचारले तर तिने काय सांगावे? ओळखीच्या एका एजंटाने प्रश्नोत्तरांचा कागद दिला आहे आणि त्यात ‘हो, आम्ही आता मुलीकडेच कायमचे राहणार’ हे वाक्य अधोरेखित करून पाठ करायला सांगितले आहे. आईकडून ते पाठ करून घेणे मला जमत नाही. पण तिने मनातले सांगितले आणि नकार आला, तर ताईने इतकी वर्षे घेतलेले कष्ट फुकट जातील, याचीही भीती वाटते. ज्यांनी हा अनुभव घेतला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

म्हादईकाठ

माझ्या आई-वडिलांची मुलाखत याच दूतावासात झाली. मी त्यांना वांद्रे-कुर्ला संकुलातील फाटकापर्यंत सोडून बाहेर थांबलो होतो. आत मोबाइल आणि मोठी पिशवी नेता येत नाही, त्यामुळे मुक्कामाच्या जागीच त्या ठेवून जावे. एका पारदर्शक फाइलमध्ये मूळ कागद आणि त्यांच्या प्रती क्रमाने लावून द्याव्यात, म्हणजे वयस्कर माणसांना खिडकीपाशी शोधाशोध करावी लागत नाही.

आत प्रथम एका खिडकीवर कागद तपासले जातात आणि बोटांचे ठसे घेतले जातात. नंतर नाव पुकारले की काचेपलीकडच्या अधिकाऱ्यासमोर उभे राहायचे, उजवा हात वर करून खरे सांगण्याची शपथ घ्यायची आणि मग प्रश्न सुरू होतात. मुलाखत मराठीतून देता येते; इंग्रजी येत नाही म्हणून आईंनी घाबरण्याचे कारण नाही. माझ्या आईला मुलगा कुठे राहतो, काय काम करतो, तो तिकडे केव्हा गेला, नातवंडे किती आणि यापूर्वी व्हिसा नाकारला गेला होता का, एवढेच विचारले गेले. नातवाचे वय सांगताना ती क्षणभर अडखळली आणि सवयीप्रमाणे बाबा तिच्या वतीने बोलू लागले. अधिकारी महिलेने त्यांना हात करून थांबवले आणि ‘त्यांनाच सांगू द्या,’ असे अगदी सौम्यपणे म्हटले. आई थोडी थांबली आणि नातवाचा जन्म कोणत्या पावसाळ्यात झाला ते सांगून तिने वय मोजून दाखवले. तेवढे पुरे झाले.

तेव्हा पाठांतर करून घेऊ नका, हा माझाही आग्रह आहे. पाठ केलेले वाक्य माणूस काचेकडे न पाहता म्हणतो आणि ते समोरच्याच्या लगेच ध्यानात येते. तुमचा मुख्य प्रश्न मात्र आमच्यापुढे आला नाही, कारण माझे आई-वडील खरोखरच तिकडे राहायला गेले.

---

तिसवाडीची लेखणी

बाबांच्या जन्मनोंदीविषयी लिहिते, कारण आमच्या घरी हेच घडले होते. जुन्या नोंदीची ‘तेओर’ प्रत (मूळ नोंदीच्या संपूर्ण मजकुराची प्रमाणित नक्कल) हाताशी असेल तर ती जशीच्या तशी ठेवावी. दूतावासाला मूळ पोर्तुगीज प्रतीबरोबर इंग्रजी भाषांतर लागते, आणि भाषांतर अचूक आहे व ते करणारी व्यक्ती दोन्ही भाषा जाणते, असे भाषांतरकाराने सही करून लिहून द्यावे लागते. पणजीत आणि मडगावात हे काम करणारी माणसे आहेत. भाषांतरात आडनाव ‘सुधारून’ मात्र घेऊ नका. मूळ नोंदीत नाईक हे नाव शेवटी क्यू-यू-ई लावून लिहिलेले असेल, तर भाषांतरातही तसेच राहिले पाहिजे. पासपोर्टावरील लेखन आणि नोंदीतील लेखन ही एकाच व्यक्तीची नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडावे, आणि ऑनलाइन अर्जात पूर्वी वापरलेली नावे विचारतात तिथे हे लेखनही नोंदवलेले असावे. ताईंनी ते नोंदवले आहे का, हे आजच विचारून घ्या.

आईंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. आपल्याकडे त्या पिढीत लग्नात मुलीचे पहिले नावही बदलत असे. आईंच्या जन्मदाखल्यावर माहेरचे नाव आणि ताईंच्या जन्मदाखल्यावर सासरचे नाव असेल, तर या दोहोंना जोडणारा कागद म्हणजे विवाहनोंदणीचा दाखला. सुदैवाने गोव्यात लग्नाची नोंदणी पूर्वीपासून सक्तीची असल्यामुळे तो बहुतेक घरांत सापडतो.

---

अस्नोड्याची सून

वरील प्रतिसादात विवाहनोंदणीचा उल्लेख आला म्हणून पती-पत्नीच्या अर्जांसाठी एक महत्त्वाची बाब सांगते. गोव्यात लग्नाच्या दोन सह्या असतात. पहिली सही इच्छा जाहीर करण्याची आणि साधारण पंधरा दिवसांनंतर दुसरी, लग्न पक्के करण्याची. देवळातले किंवा मंडपातले लग्न अनेकदा त्यानंतर काही महिन्यांनी होते. माझ्या फाइलमधले फोटो मे महिन्यातले आणि दाखला त्याआधीचा होता. अधिकाऱ्याने साहजिकच विचारले की लग्न नेमके केव्हा झाले. मी गोव्याची पद्धत चार वाक्यांत सांगितली, अर्जात नोंदणीची तारीख का लिहिली आहे ते सांगितले आणि मंडपातल्या लग्नाची पत्रिका दाखवली. त्यांनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली, त्यातली घराण्याच्या नावांची लांब यादी पाहून ‘यांपैकी आपण कोण?’ असे विचारले, आणि पुढचा प्रश्न घेतला.

महाराष्ट्रात लग्न झालेल्या मैत्रिणींना ही दोन सह्यांची पद्धत ठाऊक नसते, मग अमेरिकी अधिकाऱ्याला ती ठाऊक असेल असे गृहीत कसे धरावे? शिवाय प्रवेशाच्या वेळी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर मिळणारे कार्ड दोन वर्षांचे सशर्त असते आणि ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत अट काढून घेण्याचा अर्ज करावा लागतो. नोंदणीची तारीख म्हणूनही महत्त्वाची ठरते.

---

तारवटी बाप्पा

मी आयुष्यभर बोटीवर काम केले. आमच्यासारख्यांसाठी दोन शब्द लिहितो. पोलिसांचा दाखला भारताचा लागतोच आणि तो पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. पण वयाच्या सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या एखाद्या देशात बारा महिने किंवा अधिक काळ राहिला असाल, तर त्या देशाचाही दाखला लागतो. बोटीवर जाण्याआधी मी कुवेतमध्ये होतो आणि तिथला दाखला इथे बसून मागवण्यात माझा सर्वांत जास्त वेळ गेला. आखातात नोकरी केलेल्यांनी हे काम पहिल्या दिवशी हाती घ्यावे.

खलाशी व्हिसावर अमेरिकेच्या बंदरात उतरलेल्या माणसाला तिथेच राहून कायम वास्तव्याचा अर्ज पुढे नेता येत नाही, त्याला परत येऊन दूतावासातूनच जावे लागते. अमेरिकी नागरिकाशी लग्न झाले तरी हाच नियम आहे. बोटीवरची मुले याबाबत चुकीच्या सल्ल्याला बळी पडतात, म्हणून लिहिले.

---

साळगावचा पाटो

माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे आणि माझ्या भावाने माझ्यासाठी अर्ज केला आहे. युरोपीय नागरिक म्हणून माझी पाळी लवकर येईल का?

---

तिसवाडीची लेखणी

@साळगावचा पाटो, नाही. ही रांग नागरिकत्वावर चालत नाही, ती जन्मस्थानावर चालते. तुमचा जन्म गोव्यात झाला असल्यास तुम्ही भारताच्याच रांगेत आहात, आणि भावंडांच्या वर्गातील ती रांग दहा वर्षांहून अधिक आहे. पती किंवा पत्नीचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्या देशाच्या रांगेत जाता येते, तेवढी एक सवलत आहे. धागाकर्त्यांच्या आई-बाबांना रांग लागली नाही, कारण एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाच्या आई-वडिलांवर वार्षिक संख्येची मर्यादा नसते.

---

व्यवहारी फोंडेकर

मूळ प्रश्नाकडे येतो. मला वाटते, धागाकर्ते गरजेपेक्षा जास्त विचार करत आहेत. माझ्या परिचयातील अनेक आई-वडिलांनी ‘हो, कायम राहणार’ असे सांगितले, कार्ड घेतले आणि आज ते थंडीचे महिने इथे घालवतात. कोणाचे काही बिघडले नाही. म्हातारपणी कोण कुठे किती राहील हे कोणाला सांगता येते? आज आईंना कुळागर सोडवत नाही, उद्या गुडघे दुखायला लागले की त्याच मुलीकडे जावेसे वाटेल. तेव्हा कार्ड हाती असलेले बरे. मुलाखतीत एका वाक्याने काम होत असेल तर ते म्हणावे आणि पुढे जावे.

---

कायद्याचा अभ्यासक (मडगाव)

@व्यवहारी फोंडेकर यांच्या मताशी मी पूर्ण असहमत आहे, आणि सौम्य शब्दांत का होईना, ते सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

व्हिसा मिळवण्यासाठी जाणूनबुजून महत्त्वाची बाब खोटी सांगितली असे ठरले, तर अमेरिकी कायद्यानुसार त्या व्यक्तीला कायमची प्रवेशबंदी होते. सूट मिळण्याची वाट आहे, पण ती अरुंद आहे. कागद कमी पडल्यामुळे येणारा नकार यापेक्षा अगदी वेगळा असतो. तिथे हाती एक चिठ्ठी मिळते, काय आणायचे ते तिच्यावर लिहिलेले असते आणि कागद दिला की प्रकरण पुढे सरकते. खोटे विधान मात्र नोंदीत राहते आणि पुढच्या प्रत्येक अर्जात समोर येते. एजंट त्या खिडकीपाशी उभा नसतो. शपथ आईंनी घ्यायची असते.

दुसरी गोष्ट अशी की कार्ड म्हणजे दहा वर्षांचा प्रवासी परवाना, असा समज आपल्याकडे पसरला आहे. कार्डधारकाचे कायमचे घर अमेरिकेत असावे, ही त्यामागची अट आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहून परतणाऱ्याला विमानतळावर प्रश्न विचारले जातात. एक वर्ष किंवा अधिक काळ बाहेर राहायचे असेल तर जाण्यापूर्वी, अमेरिकेत असतानाच, पुनःप्रवेश परवान्याचा अर्ज करावा लागतो आणि तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा मिळतो. सहा महिन्यांच्या आत चक्कर मारून आले की झाले, असेही नाही. घर नेमके कुठे आहे, हेच पाहिले जाते. फोंडेकरांच्या परिचितांचे आजवर निभावले असेल, पण त्यांचे निभावले म्हणून नियम बदलत नाही.

कुळागराच्या दृष्टीनेही पाहावे. कार्ड घेतल्यावर आई-बाबा भारताचेच नागरिक राहतात आणि आज नावावर असलेली शेतजमीन ठेवू शकतात. मात्र परकीय चलन कायद्यानुसार ते अनिवासी ठरले, तर नवी शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. शिवाय कार्डधारकाला जगभरातील उत्पन्न अमेरिकी करविवरणात दाखवावे लागते. इथल्या बँकांतील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. सुपारीचे पैसे आणि मुदत ठेवी मिळून ती मर्यादा गोव्यातल्या अनेक घरांत सहज ओलांडली जाते, आणि याविषयी मुलाखतीपूर्वी कोणीच बोलत नाही.

---

परदेशी लेक (न्यू जर्सी)

मी धागाकर्त्यांच्या ताईंच्या जागी उभी राहून लिहिते, कारण या चर्चेत ती बाजू अजून आलेली नाही.

बाबांना रात्री छातीत दुखल्याचा फोन आला, की इथून विमानाचे तिकीट शोधताना हात थरथरतात. आई-वडील जवळ असावेत ही इच्छा त्या थरथरीतून येते आणि मग आपण अर्ज भरतो. त्यांना यायचे आहे का, हे विचारताना आपण ‘याल ना?’ असे विचारतो आणि आईला त्यावर नाही म्हणता येत नाही. माझ्या आईने मला कधीच नाही म्हटले नव्हते. ती आली आणि पहिल्या हिवाळ्यात दुपारी साडेचारला अंधार पडू लागला, तेव्हा ती खिडकीपाशी बसून गावातल्या देवळाच्या पालखीची वेळ मोजत असे.

व्यवहाराचेही सांगते. पासष्ट वर्षांवरील कार्डधारकाला सरकारी आरोग्य विमा पैसे भरून घ्यायचा असला, तरी आधी सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. तोवर खासगी विमा घ्यावा लागतो आणि या वयात तो महाग पडतो. उत्पन्नाचे हमीपत्र भरलेली मुलगी कायद्याने त्यांच्या निर्वाहाला बांधलेली असते. हे ओझे ताईंनी आनंदाने उचलले असेल यात शंका नाही, पण आईंच्या मनात दोन-तीन महिन्यांचाच हिशेब आहे, हे त्यांना ठाऊक आहे का? माझी विनंती एवढीच, की अधिकाऱ्याला काय सांगायचे ते ठरवण्यापूर्वी आईंनी ते मुलीला सांगावे.

---

म्हादईकाठ

@परदेशी लेक यांच्याशी शंभर टक्के सहमत.

---

व्यवहारी फोंडेकर

खोटे बोला असा माझा हेतू नव्हता; माणसाचे मन बदलते, एवढेच मला म्हणायचे होते. तरीही प्रवेशबंदीचा मुद्दा वाचल्यावर पाठांतराचा सल्ला मी आता देणार नाही. मग ज्यांना वर्षातून तीन-चार महिनेच राहायचे आहे त्यांनी करावे काय? साधा प्रवासी व्हिसा मिळेल का?

---

कायद्याचा अभ्यासक (मडगाव)

मिळू शकतो. भारतीयांना तो सहसा दहा वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येईल असा दिला जातो, आणि एका वेळी किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. मात्र त्या अर्जात ‘तुमच्यासाठी कोणी कायम वास्तव्याचा अर्ज केला आहे का?’ असा थेट प्रश्न असतो. धागाकर्त्यांच्या आई-बाबांना त्याचे उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागेल आणि मग परत येण्याचा हेतू पटवून देणे अधिक कठीण होते. अशक्य मात्र नाही. कुळागर, घर, देवस्थानातील जबाबदाऱ्या आणि इथले उत्पन्न हे सारे खरे आहे आणि कागदावर दाखवता येते.

धागाकर्त्यांसाठी आणखी एक मुद्दा. आई आणि बाबा यांचे अर्ज स्वतंत्र असतात. या वर्गात एकाच्या अर्जावर दुसऱ्याला जाता येत नाही आणि म्हणूनच एकाने पुढे जाणे व दुसऱ्याने थांबणे कायद्याने शक्य आहे. घरात ते शक्य आहे का, हे तुम्हीच जाणता.

---

दोडामार्गची माहेरवाशीण

थोडे वेगळे विचारते. माझी जन्मनोंद सिंधुदुर्गातल्या ग्रामपंचायतीत पुष्कळ उशिरा झाली आहे. अशा दाखल्यावर हरकत घेतात का?

---

तिसवाडीची लेखणी

@दोडामार्गची माहेरवाशीण, उशिरा झालेल्या नोंदीबरोबर शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माच्या काळातले इतर कागद ठेवा. आई-मुलाचे नाते सिद्ध करायचे असेल आणि कागद अपुरे वाटले, तर दूतावास डीएनए चाचणी सुचवू शकतो. ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच करावी लागते, म्हणून आधीच स्वतःहून करून घेऊ नका.

---

कुळागरवासी (डिचोली)

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद मी आई-बाबांना वाचून दाखवला. ‘परदेशी लेक’ यांचा प्रतिसाद वाचल्यावर आई काही बोलली नाही, पण रविवारी ताईचा फोन आला तेव्हा तिने तो बाबांच्या हातून घेतला. मी तिला देवाची पूजा कोण करील, पाटाचे पाणी कोण सोडील, असे किरकोळ वाटणारे सारे एकेक करून सांगताना ऐकले, आणि शेवटी ‘मी येते, पण राहायला येत नाही’ असे ती म्हणाली. ताई बराच वेळ गप्प होती. नंतर तिने विचारले, ‘मग हे आधी का नाही सांगितलेस?’ आई म्हणाली, ‘तू विचारलेच नव्हतेस.’ दोघीही रडल्या, पण भांडल्या नाहीत.

बाबांचे मत अजून ठरलेले नाही. त्यांना जावेसे वाटते आणि एकट्याने जाववतही नाही. तूर्तास दोघांची मुलाखत पुढे ढकलण्याची विनंती करायची असे ठरले आहे. चतुर्थीला ताई स्वतः येणार आहे आणि तेव्हा समोरासमोर बसून काय तो निर्णय होईल. एजंटाचा कागद मी परत केला. बाबांच्या तेओर प्रतीचे भाषांतर मात्र करायला दिले आहे, कारण ते कोणत्याही मार्गाने लागणारच. तारीख पुढे ढकलताना आणखी काही सांभाळावे लागते का?

---

म्हादईकाठ

उत्तम केलेत. एक गोष्ट नक्की सांभाळा. वैद्यकीय तपासणी अजून झाली नसेल तर नवी तारीख हाती येईपर्यंत ती करून घेऊ नका. ती दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, तिची मुदत साधारणपणे सहा महिने असते आणि व्हिसाची मुदतही तिलाच बांधलेली असते. मात्र बाबांना पूर्वी कधी क्षयरोग झाला असेल तर उलट बाजूने वेळ हाताशी ठेवा. छातीच्या एक्स-रेमध्ये जुना डाग दिसला तर थुंकीची तपासणी सांगतात आणि तिच्या कल्चरचा निकाल यायला आठ आठवडे लागतात.

---

परदेशी लेक (न्यू जर्सी)

आणि तारीख पुढे ढकलून प्रकरण तसेच सोडून देऊ नका. वर्षभर काहीच हालचाल झाली नाही तर अर्ज रद्द होण्याची प्रक्रिया सुरू होते. ताईंना म्हणावे, दूतावासाशी झालेला प्रत्येक पत्रव्यवहार जपून ठेवा. आईंचे नको असे ठरले, तर तो अर्ज मागे घेत असल्याचे ताईंनीच सही करून लेखी कळवायचे असते. पुढे प्रवासी व्हिसाच्या मुलाखतीला जाताना त्या पत्राची प्रत आईंच्या फाइलमध्ये असू द्या.